चकव्याच्या टोकावर

कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पाच्या अगदी दक्षिणेला, जमिनीचं एक बोडकं टोक समुद्रात घुसलं आहे. नाव मिस्टेकन पॉइंट. दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे निघालेल्या गलबतांना पुढचं केप रेस ओलांडलं की डावीकडे, उत्तरेला वळायचं असे. इथलं धुकं असं की जहाजाच्या नाळेवरून पुढचं पाणीही दिसू नये. खलाशी या टोकालाच केप रेस समजायचे, वेळेआधी वळायचे आणि खडकांवर आपटायचे. कोकणात रानात वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागला म्हणतात. हा समुद्रातला चकवा. (टायटॅनिकचे मदतीचे संदेश १९१२ साली ज्या बिनतारी केंद्रांनी ऐकले त्यातलं एक याच केप रेसला होतं. अपघातांच्या बाबतीत हा मुलूख अनुभवी.)

१९६७ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर एक भारतीय विद्यार्थी हातोडी आणि होकायंत्र घेऊन फिरत होता. शिव बालक मिश्र त्याचं नाव. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात वाढलेले मिश्र सेंट जॉन्स शहरातल्या मेमोरियल विद्यापीठात भूशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी आले होते, आणि या भागातल्या खडकांचा नकाशा करणं हे त्यांचं काम. कुठला थर कुठे उघडा पडलाय, किती अंशांनी आणि कुठल्या दिशेला कललाय, याच्या नोंदी करत दिवसभर चालायचं. काम कंटाळवाणं. त्यात शोध लावायचा वगैरे नसतो. पण समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका सपाट शिळेवर मिश्र आणि त्यांचा सोबती थबकले. शिळाभर आकृत्या होत्या. पानांसारख्या, पिसांसारख्या, चातीसारख्या. एकदोन नव्हे, पाय ठेवायला जागा नाही इतक्या.

या शिळा भर दुपारी पाहिल्या तर हाती काहीच लागत नाही. राखाडी दगड, त्यावर काळपट पापुद्रे, बस्स. ऊन तिरपं झालं की खेळ सुरू होतो. दगडावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकू लागतो आणि नुसता खडक वाटणारा पृष्ठभाग भरून जातो. चातीसारखी आकृती जवळून पाहावी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंतची. मधोमध नागमोडी शिवण. शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक फांद्या फुटलेल्या. प्रत्येक फांदीला तशाच उपफांद्या, त्यांनाही पुन्हा तशाच. नेच्याचं पान डोळ्यांसमोर आणा, पण नेच्याला देठ असतो, मूळ असतं. इथे तोंड नाही, पोट नाही, पाय नाहीत. हाड किंवा शिंपला तर नाहीच. मऊ शरीराचा नुसता ठसा.

तो ठसा टिकला कसा, याचं उत्तर शिळेवरच्या काळ्या पापुद्र्यात आहे. जवळच्या ज्वालामुखींची राख समुद्रात पडत होती. एकेका उद्रेकात तळावरची अख्खी वस्ती जिथल्या तिथे गाडली गेली. जमिनीवर पाँपेईत माणसांचं जे झालं तेच. राखेचा दुसरा फायदा म्हणजे तिच्यात झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात आणि त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं हे मोजून वय काढता येतं. इथल्या सर्वांत प्रसिद्ध शिळेचं वय ५६.५ कोटी वर्षं निघालं.

मिश्रांच्या वेळी एवढं अचूक वय हाती नव्हतं, पण हे थर प्रीकॅम्ब्रियन, म्हणजे कॅम्ब्रियन कालखंडाच्याही आधीचे, असावेत याचा अंदाज होता. आणि प्रीकॅम्ब्रियन खडकात डोळ्यांना दिसतील असे जीवाश्म नसतात, हे तोवर जवळजवळ शास्त्रवचन झालं होतं.

त्याची सुरुवात डार्विनपासून. १८५९ च्या ग्रंथात त्याने स्वतःच कबूल केलं होतं की कॅम्ब्रियन थरांत प्राणी एकदम अवतरतात आणि त्याखालचे खडक रिकामे दिसतात, याचं समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही. उत्तर शोधण्याऐवजी पुढच्या शंभर वर्षांत भूशास्त्रज्ञांनी त्या रिकामेपणाचाच नियम करून टाकला. गंमत अशी की नियम मोडणारा पुरावा १८७२ मध्येच छापून आला होता, तोही याच बेटावरून. एल्काना बिलिंग्ज यांनी सेंट जॉन्समधल्या खडकातल्या छोट्या वाटोळ्या ठशांना अ‍ॅस्पिडेला हे नाव दिलं. बाकीच्यांनी ते ठसे म्हणजे चिखलातून निघालेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा ठरवून विषय मिटवला.

मग १९४६. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओसाड एडियाकारा टेकड्यांमध्ये रेजिनाल्ड स्प्रिग हा सरकारी भूशास्त्रज्ञ जुन्या खाणी पुन्हा चालवण्याजोग्या आहेत का ते बघायला गेला होता. डबा खाता खाता त्याने दगड उलटले आणि त्यावर जेलीफिशसारखे ठसे दिसले, असं सांगतात. त्याचा लेख ‘नेचर’ने परत पाठवला. १९४८ मध्ये तो लंडनच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत जाऊन बोलला, तिथेही फारसं कोणी मनावर घेतलं नाही. आज त्या ९० दशलक्षांहून अधिक वर्षांच्या अख्ख्या कालखंडाला एडियाकारन हे अधिकृत नाव आहे!

इंग्लंडमधली हकिकत याहून बोलकी. लेस्टरशायरमधल्या चार्नवुड जंगलात १९५६ मध्ये टीना बॅटी या पंधरा वर्षांच्या मुलीला एका खाणीतल्या खडकावर पानासारखी आकृती दिसली. तिने शाळेत भूगोलाच्या शिक्षकांना सांगितलं. शिक्षक म्हणाले, ते खडक प्रीकॅम्ब्रियन आहेत, त्यात जीवाश्म नसतात. विषय संपला. पुढच्या वर्षी रॉजर मेसन हा शाळकरी मुलगा मित्रांबरोबर त्याच खाणीत चढाईला गेला. त्याने आकृतीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो कागद वडिलांना दाखवला. वडिलांची लेस्टर विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्याशी ओळख होती. फोर्ड यांनी स्वतः जाऊन बघितलं, आणि १९५८ मध्ये जीवाश्माला नाव मिळालं: चार्निया मेसोनाय. टीनाच्या वाट्याला श्रेय यायला मात्र पुढची जवळपास पन्नास वर्षं गेली. मुलगी चूक नव्हती. पण तिला ऐकून घेणारं कोणी भेटलं नाही, मुलाला भेटलं. शास्त्राच्या इतिहासात हा फरक पुष्कळदा बुद्धीपेक्षा मोठा ठरतो.

फोर्ड यांनी चार्नियाला शैवाल मानलं होतं. पान दिसतंय, तर वनस्पती असणार. तर्क सरळ होता. तो मोडला मिस्टेकन पॉइंटने. १९६८ मध्ये मिश्र आणि त्यांचे प्राध्यापक अँडरसन यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला आणि मग लोक या किनाऱ्याकडे वळले. जीवाश्मांइतकेच ते ज्यात रुतलेत ते थर तपासले गेले. उथळ पाण्यात लाटांनी वाळूवर उठणाऱ्या वळ्या तिथे नाहीत. वादळाच्या लाटांनी तळ ढवळल्याची खूण नाही. आहेत ते उतारावरून खोलात घसरत आलेल्या चिखलाचे थर, एकावर एक. म्हणजे हा खोल समुद्राचा तळ. तिथे उजेड पोचत नाही. उजेड नाही तिथे शैवाल जगत नाही. (चार्नवुड आणि अ‍ॅव्हलॉन तेव्हा ज्वालामुखींच्या एकाच पट्ट्यात होते; अटलांटिक महासागर मध्ये आला तो फार नंतर. त्यामुळे चार्निया दोन्हीकडे सापडतो.)

वनस्पती नाही, तर अंधारात उभे असलेले हे जीव खात काय होते? सर्वांत पटणारा तर्क असा: पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य ते अंगभर शोषून घेत. म्हणून तर फांदीला फांदी, तिला पुन्हा फांदी. तेवढ्याच शरीराला जास्तीत जास्त कातडी. इथल्या जुन्या थरांतला एक नमुना दोन मीटरच्या आसपास लांब आहे. आणि खाण्याचा प्रश्न सुटला तरी श्वासाचा राहतो. एवढ्या मोठ्या देहाला, अंधाऱ्या तळाशी, प्राणवायू कुठून मिळत होता?

प्राणवायूचा मुद्दा तेव्हा नवा नव्हता. कॅनडातल्याच जे. आर. नर्सल यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की प्राणी उशिरा आले, कारण त्याआधी श्वास घ्यायला पुरेसा प्राणवायूच नव्हता. कल्पना सुटसुटीत होती. अडचण ही की ५०-६० कोटी वर्षांपूर्वीचं पाणी बाटलीत भरून कोणी ठेवलेलं नाही. मोजायचं काय?

मोजायचं लोखंड. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या खाणींवर काम केलेल्या माणसाला पट्ट्यापट्ट्यांचा दगड ओळखायला शिकवावं लागत नाही: एक पट्टी लाल-काळ्या लोहखनिजाची, एक गारेची, पुन्हा लोखंड, पुन्हा गार. हे थर अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. तेव्हाच्या समुद्रात प्राणवायू जवळपास नव्हता, म्हणून लोखंड मिठासारखं पाण्यात विरघळून राहायचं. कुठेतरी त्याचं ऑक्सिडीकरण झालं की ते गंज होऊन तळाशी बसायचं. हे काम प्राणवायूने केलं की प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंनी, यावर वाद आहेत. पण एवढं नक्की की आजच्या समुद्रात असे थर बनू शकत नाहीत. आज लोखंड पाण्यात टिकतच नाही, लगेच गंजतं. आपल्या बंदरांतून बोटी भरभरून गेलेलं खनिज म्हणजे बिनप्राणवायूच्या समुद्राची शिल्लक होती.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू पहिल्यांदा टिकू लागला. त्याचं श्रेय नीलहरित जिवाणूंचं. पण डेन्मार्कमध्ये काम करणारे डॉन कॅनफिल्ड यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की हवेत आला म्हणजे समुद्राच्या तळाशी पोचला असं नाही. वरचं पाणी श्वास घेत होतं आणि खालचं पाणी त्यानंतरही शंभर कोटींहून जास्त वर्षं गुदमरलेलं राहिलं.

हेच कॅनफिल्ड पुढे अ‍ॅव्हलॉनला आले. सोबत सायमन पूल्टन, आणि इथल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं काम केलेले गाय नार्बोन. त्यांचं २००७ चं काम मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यात हुशारी यंत्राची नाही, जागेच्या निवडीची आहे. जीवाश्म एका खंडातले आणि रसायन दुसऱ्या खंडातलं, अशी मोट बांधावी लागली नाही. ज्या चिखलात हे जीव रुतले त्याच चिखलाला प्रश्न विचारला.

पद्धत अशी. दगडाची पूड करायची. त्यातलं काही लोखंड सिलिकेट खनिजांत घट्ट अडकलेलं असतं, ते जमिनीवरून वाहून आलेलं. पाण्याच्या स्थितीशी त्याला देणंघेणं नाही. उरलेलं चटकन प्रतिक्रिया देणारं, वेगवेगळ्या द्रावणांत विरघळणारं. समुद्राचं पाणी प्राणवायूवाचून असेल तर विरघळलेलं लोखंड दूरवरून येऊन चिखलात जादा भर घालतं आणि या दुसऱ्या प्रकाराचा वाटा वाढतो. आजच्या समुद्रतळांच्या अभ्यासातून एक आकडा ठरलाय: ०.३८. एकूण लोखंडात चटकन प्रतिक्रिया देणाऱ्याचा वाटा त्याहून वर गेला तर वरचं पाणी गुदमरलेलं होतं.

अ‍ॅव्हलॉनच्या कड्यांत सुमारे ५८ कोटी वर्षांपूर्वीच्या एका हिमयुगाचा थर आहे. किनाऱ्यावरच्या गॅस्कियर्स या गावावरून त्याला नाव मिळालं. हे हिमयुग काही लाख वर्षांतच आटोपलं. भूशास्त्रात ही डुलकीच. या थराच्या खालचे नमुने आणि खुद्द त्या थरातले नमुने ०.३८ च्या वर निघाले. त्याच्या वरचे खाली. आणि मिस्टेकन पॉइंट परिसरातले सगळे मोठे जीवाश्म हिमयुगाच्या वरच्या थरांत आहेत, खाली एकही नाही. हिमयुग संपलं, तळाशी प्राणवायू पोचला, आणि काही लाख-दशलक्ष वर्षांत मोठे जीव उभे राहिले. हवेतला प्राणवायू तेव्हा आजच्या निदान १५ टक्के तरी असणार, असा हिशेब त्यांनी मांडला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पाठ्यपुस्तकवाल्यांनी ती संपवलीही.

पण २०१४ मध्ये डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या केर्टेमिंडे खाडीतून एक साधा स्पंज आणून प्रयोगशाळेत ठेवला आणि पाण्यातला प्राणवायू हळूहळू कमी करत नेला. आजच्या अर्धा ते चार टक्के पातळीवरही स्पंज जगत राहिला. म्हणजे पहिल्या साध्या प्राण्यांना प्राणवायू फार लागत नव्हता. या लेखाच्या लेखकांत कॅनफिल्ड यांचंही नाव आहे. स्वतःच्या सिद्धांतावर स्वतःच हातोडी चालवणारे लोक थोडे, त्यातले हे. २०१५ मध्ये एरिक स्पर्लिंग यांच्या गटाने जगभरच्या खडकांतले लोखंडाचे हजारो आकडे एकत्र केले, तर एकदम मोठी वाढ झाल्याचं दिसेना. चीनमधल्या खडकांतल्या दुसऱ्या धातूंवरून वाटतं की एडियाकारन समुद्रात प्राणवायू भरतीसारखा येत होता आणि पुन्हा ओसरत होता. अ‍ॅव्हलॉनचा तळ श्वास घेत होता यावर मोठा वाद नाही. तोच क्षण साऱ्या महासागरांचा होता का, हा वाद आहे.

माझं मत विचाराल तर प्राणवायूने जीव निर्माण केले असं म्हणणं जास्तीचं आहे, आणि त्याचा काही संबंध नाही म्हणणं त्याहून जास्तीचं. याला पुरावा लांब शोधायला नको. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायू-तुटवड्याच्या पट्ट्यांपैकी एक आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं तो मोजताहेत. पावसाळ्याच्या शेवटाला तो तुटवडा गोवा-कोकणच्या उथळ पाण्यापर्यंतही येतो. अशा पट्ट्यांच्या तळाशी जीव असतातच, पण कुठले? बारीक किडे, चिखल खाऊन राहणारे. दुसऱ्याला पकडून खाणारे शिकारी प्राणवायू कमी होईल तसे गळत जातात. मिस्टेकन पॉइंटच्या शिळांवरही एकाने दुसऱ्याला चावल्याची खूण नाही. हालचालीच्या खुणासुद्धा मोजक्याच; २०१० मध्ये अ‍ॅलेक्स लिऊ यांनी काही सरपटल्यासारख्या रेघा दाखवल्या तेव्हा केवढी चर्चा झाली. बाकी सगळे एका जागी उभे किंवा आडवे. वंशविस्तारही बसल्या बसल्याच: केंब्रिजच्या एमिली मिचेल यांनी शिळेवरच्या प्रत्येक चातीची जागा मोजून गणित मांडलं, तर मोठीच्या भोवती मधल्या आणि मधल्यांच्या भोवती लहान, अशी रचना निघाली. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची रोपं जमिनीलगत धुमारे सोडून पसरतात, तशी. धावाधाव करणारे, डोळे-दातवाले प्राणी यायला आणखी काही कोटी वर्षं लागली.

दगडावरच्या ठशांची एक धास्तीही सांगून ठेवतो. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया हा एडियाकारन जीवाश्म सापडल्याची बातमी आली. भारतातला पहिला म्हणून आपल्याकडे बराच गाजावाजा झाला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने पुन्हा जाऊन पाहिलं तर जीवाश्म छतावरून सुटायला लागलेला. ५५ कोटी वर्षं टिकलेली वस्तू दोन वर्षांत सुटत नाही. ते आग्या मोहोळाचं जुनं पोळं होतं. मूळ संशोधकांनी चूक मान्य केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

मिश्र न्यूफाउंडलंडला राहिले नाहीत. ते भारतात परतले आणि १९७२ मध्ये लखनौजवळच्या कुनौरा गावात, आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी, पत्नी निर्मला यांच्यासह भारतीय ग्रामीण विद्यालय सुरू केलं. हिंदी रेडिओवर गोष्टी सांगणारे नीलेश मिश्र हे त्यांचे चिरंजीव. त्यांना ओळखणारे पुष्कळ, वडिलांच्या शिळेची माहिती थोड्यांना. त्या चातीसारख्या जीवाला चाळीस वर्षं शास्त्रीय नावच नव्हतं, सगळे नुसतं ‘चाती’ म्हणायचे. २००७ मध्ये गेहलिंग आणि नार्बोन यांनी नाव दिलं: फ्रॅक्टोफ्युसस मिश्राय.

२०१६ पासून मिस्टेकन पॉइंटचे १७ किलोमीटरचे कडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कॅनडात मुलं-नातवंडं असलेली मराठी घरं आता गावोगाव आहेत; त्यांच्यापैकी कोणी तिकडे गेलंच तर जाताना वाटाड्या घ्यावा लागतो, शिवाय फेरी उन्हाळ्याच्या महिन्यांतच असते. दुपारी उशिराची वेळ मागून घ्या, ऊन तिरपं हवं. आणि पायांत जाड मोजे असू द्या. शिळेवर उतरण्याआधी बूट काढावे लागतात.